व्हिडिओवर डॉक्टर: घरातल्या ज्येष्ठांनी काय शिकायचं आणि कसं

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात बीपीची फेरतपासणी असली की बोरिवलीत राहणाऱ्या पंचाहत्तरीतल्या बाईंचा अख्खा दिवस जातो. सकाळची लोकल, दादरचे जिने, टॅक्सी, केसपेपरची रांग, ओपीडीबाहेरचं बाकडं आणि शेवटी डॉक्टरांसमोर पाच मिनिटं. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की तेवढंही नाही. तारीख चुकते, गोळ्या संपतात आणि जुनीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पुढचं पाकीट आणलं जातं.

त्या पाच मिनिटांत डॉक्टर विचारतात काय? गोळ्या वेळेवर घेता का, घरी बीपी किती येतं, चक्कर येते का, पायांना सूज आहे का, नवे रिपोर्ट दाखवा. यातलं बहुतेक सगळं घरी बसून व्हिडिओवर होऊ शकतं. सरकारी सेवा फुकट आहे, खासगी डॉक्टरही आता व्हिडिओवर वेळ देतात. अडतं ते फोन हातात घेतल्यावर. त्याचं मोठं कारण असं की घरात शिकवणी नेमकी आजारपणाच्या दिवशी होते. मुलगा घाईत असतो, आईला ताप असतो, आणि "आण इकडे, मी करतो" म्हणून फोन तिच्या हातातून घेतला जातो. पुढच्या वेळी ती पुन्हा तिथेच अडते, कारण तिच्या बोटाने ते काम एकदाही केलेलं नसतं.

म्हणून पहिला नियम: शिकायचं ते प्रकृती ठणठणीत असताना, आणि फोन सबंध वेळ शिकणाऱ्याच्याच हातात. शिकवणाऱ्याने हात मागे बांधून फक्त बोलायचं. "संपूर्ण स्मार्टफोन" शिकवायला जाऊ नये. डॉक्टरांशी बोलण्याचा एकच रस्ता पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पक्का करायचा. तो पक्का झाला की बाकीचं माणूस आपणहून शोधतं.

बोट, डोळे, कान

"मी दाबते, पण होतच नाही." ही तक्रार खरी असते. फोनची काच बोटातून मिळणारा सूक्ष्म विद्युत बदल ओळखते. वयानुसार त्वचा कोरडी होते, मग काचेला बोट लागल्याचं कळतच नाही. मग माणूस जोराने आणि जास्त वेळ दाबतं. फोनच्या लेखी जास्त वेळ दाबणं हा वेगळाच हुकूम असतो: चिन्ह हलतं, "काढून टाका" असा पर्याय येतो, आणि कधी व्हॉट्सॲप पडद्यावरून गायब होतं. उपाय दोन. बोट किंचित ओलसर करून, नाहीतर हाताला थोडं क्रीम चोळून मग फोन वापरावा. आणि सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात "टच अँड होल्ड डिले" हा पर्याय शोधून तो सर्वांत लांब ठेवावा. काचेवर जाड प्लास्टिकचा संरक्षक थर असेल तर तो बदलावा. काही फोनमध्ये "टच सेन्सिटिव्हिटी" वाढवण्याची सोय असते, तीही चालू करावी. बोटांचे ठसे झिजलेले असतात म्हणून ठशाने फोन उघडण्याचा हट्ट नको. चार किंवा सहा आकड्यांचा पिन बरा.

डोळ्यांचं तसंच. डिस्प्लेमध्ये अक्षर मोठं करावं, पण एकदम सर्वांत मोठं केलं तर काही ॲपमध्ये "पुढे जा"चं बटण पडद्याच्या खाली ढकललं जातं आणि दिसतच नाही. एक-दोन पायऱ्या कमी ठेवून पाहावं. बायफोकल चष्मा असेल तर एक गंमतीची अडचण होते: जवळचं वाचायला चष्म्याच्या खालच्या भागातून पाहावं लागतं, म्हणून मान वर जाते, फोन खाली राहतो आणि डॉक्टरांना दिसतात फक्त नाकपुड्या आणि पंखा. फोन चाळीसेक सेंटिमीटरवर स्टँडमध्ये, किंवा स्टीलच्या दोन डब्यांना टेकवून, डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. हात मोकळे राहतात, चित्र हलत नाही. चित्र हललं नाही की कमी रेंजमध्येही ते फुटत नाही, कारण हलत्या चित्रालाच जास्त डेटा लागतो.

कानांकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. म्हातारपणी आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, आणि स, श, फ, थ ही व्यंजनं त्याच पट्टीत येतात. साधा फोनकॉल आधीच वरची पट्टी कापून टाकतो. "साठ" म्हटलेलं "आठ" ऐकू येतं. गोळीच्या बाबतीत हा फरक जीवावर बेतू शकतो. म्हणून वायरचे साधे इअरफोन लावावेत आणि डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक आकडा आपण सुटा करून परत म्हणावा: "दोन-पाच, पंचवीस मिलिग्रॅम, बरोबर?" व्हिडिओचा इथे मोठा फायदा आहे, कारण ओठांची हालचाल दिसते. हेही लक्षात असू द्या की रिंगचा आवाज आणि कॉलमधला आवाज वेगवेगळा असतो. कॉलमधला वाढवायचा तर कॉल चालू असतानाच बाजूचं बटण दाबावं लागतं.

शेवटची पायरी आधी शिकवा

सगळे जण सुरुवातीपासून शिकवतात: ॲप उतरवा, नोंदणी करा, पासवर्ड ठेवा. हा भाग सर्वांत किचकट आणि त्यात मिळत काहीच नाही. मन तिथेच उडतं. उलट्या क्रमाने जा. पहिले तीन-चार दिवस फक्त आलेला व्हिडिओ कॉल उचलणं. मुलीने रोज ठरल्या वेळी कॉल करावा. नात दिसते, गप्पा होतात, भीड मोडते. यातही एक खाच आहे. फोन बंद पडद्यावर असताना कॉल आला तर बहुतेक अँड्रॉइड फोनवर हिरवं बटण वर सरकवावं लागतं. फोन वापरात असताना आला तर वर एक पट्टी येते आणि तिथे नुसतं टेकवायचं असतं. आजोबा दोन्हीकडे टेकवतात, पहिल्या प्रकारात कॉल सुटतो आणि "फोन बिघडलाय" असा निष्कर्ष निघतो. दोन्ही प्रकार वेगवेगळे करून दाखवा.

मग माइक बंद-चालू, कॅमेरा पुढचा-मागचा. मागचा कॅमेरा का, तर पायाची सूज, जखम, गोळ्यांचं पाकीट दाखवायला. त्यानंतर रिपोर्टचा फोटो काढून पाठवणं. ओटीपी आणि नोंदणी अगदी शेवटी. रोज वीस मिनिटं पुरतात. एका दिवशी दोन तास बसवलं तर दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. रोज आधी कालचं त्यांना स्वतः करून दाखवू द्या, अडले तर दहापर्यंत मनात मोजा आणि मगच सुचवा. त्या दहा सेकंदांतच शिकणं होतं.

पायऱ्या जाड पेनने मोठ्या अक्षरात कागदावर उतरवाव्यात आणि त्याही त्यांच्याच शब्दांत. "कॅमेरा आयकॉन" लिहू नका, त्या त्याला "पेटीचं चित्र" म्हणत असतील तर तेच लिहा. कागदावर तारीख टाका. ॲप अपडेट झालं की बटणांची जागा बदलते आणि कागद खोटा ठरतो, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी एकदा ताडून पाहा. मुलं परगावी असतील तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर करण्याची सोय आहे, त्यातून आईचा पडदा तिकडे दिसतो. पण हे फक्त आपण स्वतः लावलेल्या कॉलवर आणि फक्त घरच्यांशी. कारण पुढे येईलच.

भेटीच्या आधीची तयारी

काळा पडदा दिसतो, आवाज येत नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा परवानगी असते. ॲप पहिल्यांदा उघडताना कॅमेरा आणि माइक वापरू का, असं विचारतं. सावध माणूस "नको" म्हणतो आणि ते चुकीचं नाही. पण दोनदा "नको" म्हटलं की अलीकडचे अँड्रॉइड फोन पुन्हा विचारतच नाहीत. मग सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, परमिशन्स असं जाऊन तिथे परवानगी द्यावी लागते. हे आदल्या दिवशीच करून ठेवा.

दुसरा घोळ अनोळखी नंबरचा. अनोळखी फोन उचलू नका, असं आपणच ज्येष्ठांना सांगितलेलं असतं, शिवाय फोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोयही चालू करून दिलेली असते. डॉक्टरांचा फोन त्यातच अडकतो. हॉस्पिटलच्या फाईलवर छापलेला नंबर आधी साठवा, आणि भेटीच्या वेळेपुरती ती सोय बंद करा. व्हिडिओ चालू असताना साधा फोन आला तर व्हिडिओ थांबू शकतो, म्हणून घरच्यांना तेवढा वेळ फोन करू नका म्हणून सांगा.

चाळीतल्या आतल्या खोलीत किंवा जुन्या इमारतीच्या जाड भिंतींमागे रेंज पडते. भेटीच्या दिवशी नव्हे, आधीच एखाद्या कॉलवर घरभर फिरून पाहा. बहुधा खिडकीजवळची किंवा गॅलरीतली जागा चांगली निघते. पण खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो. खिडकीकडे तोंड करून बसा. पंधरा मिनिटांच्या कॉलला रोजच्या साध्या पॅकमधला डेटा पुरतो. फोन निम्म्याहून जास्त चार्ज असावा. चार्जिंगला लावूनच बोललं तर तो तापतो आणि कधी कधी कॅमेरा बंद पडतो.

टेबलावर चार गोष्टी मांडून बसा: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिक काढा आणि गुडघेदुखीची गोळीसुद्धा), बीपी-शुगरची वही, चष्मा, पेन. पाकीट दाखवताना ज्या बाजूला नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात ती बाजू दाखवा. नेमकी तीच बाजू लोक फाडून टाकतात, म्हणून गोळी नेहमी दुसऱ्या टोकापासून काढायची सवय ठेवा. रिपोर्टचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कागद सपाट ठेवून आणि चारही कोपरे दिसतील असा. नाव आणि तारीख कापली गेली तर डॉक्टरांना तो वापरता येत नाही. लॅबकडून पीडीएफ मागून घेतली तर उत्तमच. अंगावरच्या चट्ट्याचे दोन फोटो घ्या, एक लांबून जागा कळेल असा, दुसरा जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.

घरच्या आकड्यांवर डॉक्टरांचा भरवसा बसावा म्हणून

व्हिडिओवर डॉक्टरांचा हात तुमच्या नाडीवर नसतो. त्यांना मिळतात ते तुम्ही दिलेले आकडे. आकडा चुकला तर औषध चुकतं. म्हणून बीपी कसं मोजायचं, यावर थोडं थांबायलाच हवं.

मशीन दंडावर पट्टा बांधायचंच घ्या. मनगटावरचं मशीन हात जरा खाली-वर झाला तरी फसवतं, आणि फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका. खरेदीआधी टेपने दंडाचा घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. घेर त्याहून जास्त असेल आणि पट्टा तोकडा पडत असेल तर बीपी खोटंच जास्त दिसतं. मोठा पट्टा वेगळा मिळतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं शांत बसा. ब्लाउजची किंवा सदऱ्याची बाही वर गुंडाळून घट्ट केली तर तीच दोरीसारखी आवळते, तेव्हा बाही काढून उघड्या दंडावर पट्टा बांधा, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. मशीन चालू असताना बोलायचं नाही. बोलणं, अधांतरी हात, भरलेलं मूत्राशय, यातल्या एकेका गोष्टीने वरचा आकडा दहाच्या आसपास वाढू शकतो. तीनही चुका एकत्र झाल्या तर चांगलं बीपी असलेला माणूस पेशंट ठरतो.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, भेटीच्या आधीचे सात दिवस. "साधारण एकशे चाळीस असतं" यापेक्षा अशी सात दिवसांची वही डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर त्यांच्याशी बोला. उठताना चक्कर येत असेल तर आणखी एक मोजणी करा: आधी बसून, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, आधाराला कोणी जवळ असताना. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त घसरला तर तो नक्की कळवा. ज्येष्ठांच्या पडण्यामागे हे कारण अनेकदा असतं आणि गोळीचा डोस किंवा वेळ बदलून त्यावर उपाय होऊ शकतो. नाडी अनियमित असणाऱ्यांत मशीन गोंधळतं, त्यांनी आपलं मशीन एकदा डॉक्टरांसमोर ताडून घ्यावं. तसंही वर्षातून एकदा ते दवाखान्यात नेऊन तिथल्या मोजणीशी जुळवून पाहावं.

शुगरच्या बाबतीत मुंबईची दमट हवाच आडवी येते. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की स्ट्रिप ओल धरतात आणि आकडे भरकटतात. स्ट्रिप काढली की लगेच झाकण. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते वेष्टनावर पाहा. आंबा चिरलेल्या हाताने शुगर मोजली तर ती भलतीच जास्त येते, रक्तात नसलेली साखर बोटावर असते म्हणून. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा (तिथे दुखतं कमी), पिळू नका. आकडा ७० च्या खाली आला तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, आणि मग डॉक्टरांना फोन. क्रम हाच. गुंगी आली असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका.

ऑक्सिमीटर लावताना बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, हात गार नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. हृदय कमजोर असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते चरबीचं नसतं, अंगात पाणी साठतंय. पायाची सूज दाखवायची तर नडगीवर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून उचला आणि खड्डा राहतो का ते मागच्या कॅमेऱ्याने दाखवा.

ई-संजीवनी आणि ओटीपी

ई-संजीवनी ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मोफत सेवा. घरून थेट डॉक्टरांशी बोलण्याची तिची सोय एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत सुरू झाली. क्रम असा: मोबाइल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, नाव-वय-पत्ता, तक्रार, असले तर रिपोर्ट जोडायचे, राज्य आणि ओपीडी निवडायची. टोकन मिळतं, रांगेत नंबर लागला की कॉलचं बटण दाबायचं, डॉक्टर समोर येतात, आणि शेवटी चिठ्ठी पीडीएफ म्हणून मिळते. ओपीडीच्या वेळा वेगवेगळ्या असतात, त्या आधी पाहा. रांगेत असताना ॲपमधून बाहेर पडून दुसरं काही पाहत बसू नये, नंबर हुकतो. तुमचे नेहमीचे डॉक्टर तिथे भेटतील असं नाही, त्यामुळे हृदयाच्या किंवा किडनीच्या जुन्या आजारासाठी आपल्याच डॉक्टरांकडे व्हिडिओची सोय आहे का, हे आधी विचारणं शहाणपणाचं.

ओटीपीवर माणसं का अडतात? सहा आकडे एका पडद्यावर वाचायचे, लक्षात ठेवायचे, दुसऱ्या पडद्यावर टाकायचे, आणि तेही काही मिनिटांत. परत येईपर्यंत आकडे विसरतात किंवा ॲप पहिल्या पानावर गेलेलं असतं. वरून बोट खाली ओढून संदेशाची पट्टी पाहायला शिकवा, म्हणजे ॲपमधून बाहेर पडावं लागत नाही. आकडे आधी कागदावर लिहा, मग भरा. "पुन्हा पाठवा" तीनदा दाबलं तर तीन ओटीपी येतात आणि चालतो तो शेवटचा.

त्याहून मोठी अडचण अनेक घरांत लपलेली असते. आधारला आणि हॉस्पिटलच्या फाईलला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा असतो. मुलगा बंगळुरूला मीटिंगमध्ये, ओटीपी त्याच्याकडे, आणि आई इथे टोकनची वाट पाहत. चौदा आकडी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) आधारवरून काढताना हेच होतं. आभा ऐच्छिक आहे, पण मोठ्या हॉस्पिटलांत क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणीची रांग टाळायला ते कामी येतं. म्हणून एकदा वेळ काढून आधार केंद्रावर जाऊन आईचा स्वतःचा नंबर जोडून घ्या, हॉस्पिटलच्या फाईलवरही बदला.

चिठ्ठी खरी असते का?

हो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक नियमांनी नोंदणीकृत डॉक्टरांना हा अधिकार स्पष्टपणे दिला. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही हवी. फी घेतली तर पावती द्यावी लागते. त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलं असेल तर ती फेरतपासणी धरली जाते आणि औषधं लिहिण्याची मुभा वाढते. पहिलीच भेट असेल तर साध्या, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांपलीकडे जायला व्हिडिओ लागतो. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं आणि झोपेच्या, चिंतेवरच्या काही गोळ्या दुरून लिहिता येत नाहीत. वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणाऱ्या आजोबांना डॉक्टर "ही इथून देता येणार नाही" म्हणाले, तर तो त्यांचा आडमुठेपणा नसतो. त्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी प्रत्यक्ष भेट ठरवा.

मुलाने आईच्या वतीने बोलावं का? आई शेजारी असेल तर प्रश्न नाही. ती हजर नसेल तर, ती स्वतः बोलू शकत नसेल (स्मृतिभ्रंश, मोठं अपंगत्व) किंवा तिने रीतसर अधिकार दिला असेल तरच. आणि शेजारी असला तरी मुलाने गप्प बसणं बरं. "तिला काही होत नाही हो डॉक्टर" हे वाक्य अनेक तक्रारी गिळून टाकतं. लघवी, पोट, झोप, उदासी याबद्दल बोलायला दोन मिनिटं खोलीबाहेर जावं. मन फारच खचलेलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत नंबरवर चोवीस तास मराठीतही बोलता येतं, आणि त्याला साधा बटणांचा फोन चालतो.

कोणाला काय द्यायचं नाही

हॉस्पिटलचा नंबर गूगलवर शोधला आणि पहिल्या दिसलेल्या नंबरवर फोन लावला, इथून बरीच फसवणूक सुरू होते. समोरचा गोड बोलतो, "अपॉइंटमेंटसाठी फक्त पाच रुपये भरा" म्हणून लिंक पाठवतो, किंवा एपीके नावाची फाईल उघडायला लावतो. ती फाईल फोनमधले ओटीपी त्याच्याकडे पोहोचवते. दुसरा प्रकार, "मी मदत करतो, तुमचा पडदा मला दाखवा" म्हणून एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला लावणं. नंबर फाईलवरचाच वापरायचा, ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. डॉक्टर यूपीआय पिन विचारत नाहीत. पैसे परत घ्यायला पिन कधीच लागत नाही. ज्या खात्यात आयुष्यभराची पुंजी आहे ते खाते यूपीआयला जोडूच नका, वेगळ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. आणि घरच्यांनी तेव्हा रागवायचं नाही. रागाच्या भीतीने माणसं दोन दिवस लपवतात, तोवर रक्कम गेलेली असते.

जेव्हा फोन ठेवून निघायचं

छातीत दुखणं किंवा जडपणा, अचानक दम लागणं, दरदरून घाम, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, पडल्यावर पाय टेकवता न येणं, उलटीतून किंवा शौचातून रक्त: यातलं काहीही असेल तर व्हिडिओच्या टोकनमध्ये एक मिनिटही घालवू नका. मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, नुसता दम आणि घाम. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. रात्री झोपेत झालं असेल तर शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ.

१०८ ला फोन लावताना आधी पत्ता सांगा, मग आजार, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. मुंबईत नुसतं इमारतीचं नाव पुरत नाही. जवळची ठळक खूण, विंग, मजला, लिफ्ट आहे की नाही, स्ट्रेचर जिन्यातून वळतं का, हे सगळं एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तो वाचून कोणालाही, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, फोन करता यावा. वॉचमनला गेटवर उभं करा, गल्लीत लावलेल्या गाड्या हलवायला शेजारच्या पोराला पाठवा, आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ती पेशंटबरोबरच द्या.